साडूंनी जपून ठेवलेला सेल्फ

माझ्या साडूंनी मला फसवलं. आडवळण नको म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. मोखाड्याच्या बाजारात टोपलीभर सुकी मच्छी घेऊन बसण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचं दुकान उभं केलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्याचा शेवटचा भाव ओळखतो. अशा मला अख्ख्या जव्हार-मोखाड्यात कोणी गंडवलं असेल, तर ते दाभोशाच्या बाजूला एका शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या या माणसाने. आणि गंडवल्यावर माझ्याच ओटीवर मांडी घालून, माझ्याच बायकोच्या हातची नाचणीची भाकरी मोडत, "साडूभाऊ, ट्रॅक्टर बाकी झकास मिळाला हं तुम्हाला!" असं म्हणायची छाती त्यांच्याशिवाय पृथ्वीवर दुसऱ्या कोणाची होणार नाही.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागची. साडूंकडे एक छोटा ट्रॅक्टर होता, काजूच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढा. पण गुडघा दुखावल्यामुळे त्यांना क्लच दाबवेना, म्हणून विकायला काढला. मी गेलो. टायरवर नख रोवून बघितलं, ऑइल बोटावर चोळलं, स्टिअरिंग हलवून हलवून साडूंच्या कोंबड्या घाबरवल्या आणि सकाळपासून जेवणवेळेपर्यंत घासाघीस केली. साडू प्रत्येक भावाला "बरं" म्हणत होते. घासाघिशीत समोरचा "बरं" म्हणायला लागला की माझं डोकं फिरतं, भांडायला जागाच उरत नाही! शेवटी ते ट्रॅक्टरवर चढले. घर टेकाडावर, अंगण उताराचं. चाकापुढचा धोंडा काढला, ट्रॅक्टर घरंगळला, त्यांनी कसाबसा दाबून धरलेला क्लच सोडला आणि इंजिन धडधडायला लागलं. यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात जीपवालेसुद्धा गाडी उतारावर लावूनच चहा प्यायला जातात.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या सपाटीवर मी किल्ली फिरवली. काही नाही. किल्ली फिरली की इंजिनाला घुमवणारी मोटर असते, तिला सगळे सेल्फ म्हणतात. तो सेल्फ मेल्यासारखा पडून होता. घर्र नाही, खट्ट नाही. मी तडक दाभोशाला गेलो आणि अंगणातूनच ओरडलो, "गुरुजी, सेल्फ चालत नाही!"

साडू दारात आले. चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण नाही, उलट अभिमान. "चालत नाही? कसं शक्य आहे? मी तो कधी वापरलाच नाही! इतकी वर्षं उतारावर चालू केला. सेल्फ तुमच्यासाठी कोरा ठेवलाय!"

एवढा निगरगट्ट खोटेपणा मी बाजारात उभ्या जन्मात ऐकला नव्हता. खरं तर मला शंका यायला हवी होती, कारण साडूंचा स्वभावच तसा. यांच्या घरी प्रेशर कुकर आहे, पण तो खोक्यात आहे. टॉर्च आहे, पण सेल वेगळे कपाटात आहेत, म्हणजे दोघेही झिजायला नकोत. मनगटावरच्या घड्याळाला सुट्टीच्या दिवशी चावी देत नाहीत, म्हणतात, "आज त्यालाही आराम." नव्या सदऱ्याची कागदी चिठ्ठी महिनाभर कॉलरला लटकत असते. पण त्या दिवशी मला यातलं काही आठवलं नाही. मला फक्त बाजार दिसत होता. कारण बातमी माझ्याआधी मोखाड्याला पोचली होती. मी कांद्याचा भाव पाडायला गेलो की कांदेवाला म्हणायचा, "शेट, कांदा सपाटीवरच ठेवलाय, नीट बघून घ्या." रोज सकाळी ट्रॅक्टरला ढकलायला माणसं गोळा करावी लागायची आणि ढकलणारा प्रत्येक जण मागून एक शेरा मारायचा. संतापून मी दुकानासमोर मुरूम टाकून स्वतःचा उतार बांधला, तर तेच लोक विचारायला लागले, "शेट, उतार ट्रॅक्टरसोबतच आला का वेगळा घ्यावा लागला?"

माझी मागणी एकच होती. सेल्फ दुरुस्त होवो न होवो, साडूंनी चारचौघांत उभं राहून सांगावं की, "मी यांना फसवलं." माणसाने नाव कमवायला आयुष्य घालवलेलं असतं. ते असं उतारावरून घरंगळू देणार कोण?

साडू दर रविवारी यायचे, पण कबूल करायला नव्हे. दोष शोधायला! गळ्यात एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, पुजाऱ्याच्या माळेसारख्या. वीज आली की बल्ब पेटणार, हे त्यांचं एकमेव हत्यार. आल्या आल्या ते ट्रॅक्टरच्या मागे जायचे आणि मागचा दिवा खोलायचे.

"अहो, सेल्फ पुढे आहे! मागचा दिवा कशाला खोलता?" मी ओरडायचो.

"वर्गात गोंधळ झाला की मी आधी शेवटच्या बाकाकडे जातो," ते शांतपणे सांगायचे. "पुढच्या बाकावरची पोरं पळून जात नाहीत."

आणि त्या मागच्या दिव्यात खरंच दोष सापडला. कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलं होतं. साडू असे नाचले की जणू त्या माशीनेच सेल्फ बंद पाडला होता. "सापडला! साडूभाऊ, सापडला!" मग पाना खाली, हात धुतले, भाकरी खाल्ली आणि निघाले. मी आडवा गेलो. "सेल्फ?" तर म्हणाले, "एका दिवसाला एक दोष. दुसरा शोधला की पहिल्याचा आनंद जातो." आता सांगा, या माणसाशी भांडायचं तरी कुठल्या टोकाने?

काम करताना सगळे स्क्रू ते तोंडात धरायचे आणि तोंडात स्क्रू असताना सर्वांत जास्त बोलायचे. मला एक अक्षर कळायचं नाही. माझा ड्रायव्हर लखमा, साखरशेतचा, त्याला मात्र सगळं कळायचं. "शेट, गुरुजी सांगतात बारीक पाना द्या. आन सांगतात, तुमी जरा लांब उभं ऱ्हा." दुसऱ्या भागाचं भाषांतर लखमा विशेष आवडीने करायचा.

एका रविवारी त्यांनी बॅटरीची काळी वायर ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जिथे आवळलेली असते ती जागा खोलली. वीज बॅटरीतून निघते ती सांगाड्यातून परत येते, तो रस्ता मोकळा हवा. पण तिथे काळ्या रंगाचा जाड थर! साडू भडकले. "कोणा शहाण्याने इथे रंग फासलाय? वीज येणार कुठून?"

"तुम्हीच!" मी उसळलो. "विकायच्या आधी फळ्याचा उरलेला रंग लावलात! तुमच्या बायकोनेच मला सांगितलंय!"

साडू थबकले. नखाने रंग खरवडून बघितला. मग समाधानाने म्हणाले, "मीच का? तरीच इतका टिकलाय."

सेल्फ तरीही मुकाच. शेवटी मी जव्हारच्या बाजारपेठेतल्या चाचांकडे गेलो. बॅटरी आणि वायरिंगच्या कामात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे नाही. त्यांनी माझ्या ट्रॅक्टरचं नाव ऐकलं आणि हात जोडले. "गुरुजींचा ना? नको भाई. ते येतात आणि माझ्याच दुकानात माझी परीक्षा घेतात. पहले उनको छुट्टी दो, फिर गाडी लाओ." म्हणजे मोकळा रस्ताही साडूंनीच अडवलेला!

आणि मग तो बाजाराचा दिवस उजाडला. शाळेला सुट्टी होती, साडू सकाळीच हजर. दुकानासमोर गर्दी. साडूंनी खिशातून खडू काढला आणि जमिनीवर ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. "आज वायरी नाही, माणसं उभी करू. वर्गात मी असंच शिकवतो." एका मिनिटात माझं दुकान शाळा झालं. लखमा बॅटरी. गूळ घ्यायला आलेली एक म्हातारी किल्ली. माझी बायको सेल्फ.

"मीच का सेल्फ, भाऊजी?" तिने पदर खोचत विचारलं.

"आवाज दमदार पाहिजे," साडू म्हणाले, आणि गर्दी अशी हसली की मला पुढे व्हावंच लागलं.

"आणि मी कोण?"

"तुम्ही बॉडी, म्हणजे सांगाडा. तुम्ही नुसतं उभं राहायचं. बॉडी बोलत नाही."

लखमाच्या हातात कांदा दिला. कांदा म्हणजे वीज. नियम असा की आपल्या हातातली खरी वायर बोटाने धरत जायचं, ती जिथे जाईल तिथे कांदा द्यायचा. लखमाने कांदा म्हातारीला दिला. साडू म्हणाले, "आता आजी, द्या मावशीला." म्हणजे माझ्या बायकोला. म्हातारीने किल्लीमागची वायर चिमटीत धरली, ट्रॅक्टरला वळसा घातला, वाकली आणि तिथेच थांबली.

"गुरुजी, ही तिकडं नाय जात. ही खाली पायाशी जाते."

"पायाशी? पायाशी तर क्लच आहे. क्लचला वीज कशाला?"

"मना काय म्हाईत? वायर जाते. हितं कोन उभा हाय? मी कांदा देऊ कोनला?"

तिथे कोणीच उभं नव्हतं. साडूंचे डोळे मोठे झाले. मग दोन्ही हात वर करून त्यांनी आरोळी ठोकली, "माणूस कमी पडला! साडूभाऊ, एक माणूस कमी पडला!"

ते ट्रॅक्टरखाली शिरायला गेले, पण गुडघा वाकेना, म्हणून पाय सरळ ठेवून पाठीवर सरपटत गेले. मीही बॉडीपण सोडून त्यांच्या शेजारी आडवा झालो. क्लचच्या दांडीजवळ पत्र्याची एक पट्टी होती, एका छोट्या बटणाची जागा. क्लच पूर्ण दाबला की ते बटण दाबलं जातं आणि मगच सेल्फला वीज मिळते, म्हणजे गिअरमध्ये असताना गाडीने चुकून उडी मारू नये. बटण नव्हतं. तुटलं नव्हतं, पडलं नव्हतं. कोणीतरी काढून घेतलं होतं, आणि सुट्या राहिलेल्या दोन वायरींच्या टोकांना निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टीवर वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ.

"काय सुबक गुंडाळलंय बघा!" साडू कौतुकाने म्हणाले. "एक सुरकुती नाही. कंपनीचा हात दिसतो."

"गुरुजी," मी विचारलं, "ही पट्टी तुम्ही लावलीत?"

"छे! मी खाली कधी आलोच नाही."

"नवा घेतलात तेव्हा दुकानदाराने सेल्फवर चालू करून दाखवला होता?"

"नाही. त्याच्या दुकानाबाहेर छान उतार होता ना. फार सज्जन माणूस. त्यानेच तर मला समजावलं. म्हणाला, गुरुजी, सेल्फ नाजूक असतो, तो जपून ठेवा, गाडी नेहमी उतारावर लावा, बॅटरी जन्मभर टिकेल. दुसऱ्या गिऱ्हाइकाला असं कोण सांगतं? मी तेव्हापासून त्याचा शब्द मोडला नाही. एकदा धोंडा निसटला, ट्रॅक्टर अंगावर आला, तेव्हा हा गुडघा गेला. पण सेल्फ वापरला नाही."

मी ट्रॅक्टरखाली पडून होतो. वर माझी बायको विचारत होती, "काय झालं? बोला ना!" त्या दुकानदाराने दुसऱ्याच्या गाडीसाठी यांच्या नव्याकोऱ्या गाडीतलं बटण काढून घेतलं, वर उपदेश केला, आणि हा माणूस इतकी वर्षं तो उपदेश पाळत बसला. एक पाय घालवला. आणि अजून त्याला सज्जन म्हणतो!

साडूंनी दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पिळल्या. "तात्पुरतं," म्हणाले, "क्लच दाबायला मात्र विसरायचं नाही." मी वर चढलो, मुरमाच्या उतारावर नव्हे, सपाटीवर. क्लच दाबला, किल्ली फिरवली. घर्रर्र! इंजिन एका फटक्यात चालू. बाजाराने टाळ्या वाजवल्या, म्हातारीने कांदा पदरात बांधला. साडू मात्र मागे सरकले होते, लहान पोर फटाक्यापासून सरकतं तसे. मग पुढे येऊन त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, "असा आवाज असतो होय याचा? परत एकदा लावा ना."

मी बंद केला, परत लावला. परत बंद केला, परत लावला. बॅटरी उतरेल म्हणून लखमा ओरडत होता. मी त्यालाच गप्प केलं.

संध्याकाळी कांदेवाल्याने विचारलंच, "काय शेट, गुरुजींनी कबूल केलं का शेवटी?" मी त्याला असं झापलं की त्याचा तराजू हलला. म्हटलं, कबूल करायचंय ते दुसऱ्याने. आणि साडूंनी जिथून ट्रॅक्टर घेतला होता, ते नाशिक लागलीच गाठलं. त्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. आधीचा ट्रॅक्टरवाला कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही. दुकानाबाहेरचा उतार तेवढा अजून आहे. मी त्याच्यावर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. साडूंना सांगितलं, तर ते हळहळले. "अरेरे, चांगला माणूस होता, धंदा बसला वाटतं."

आता ते निवृत्त झालेत. दुखावलेला पाय पुढे पसरून अंगणात बसलेले असतात. रविवारी मी जातो. माझ्या ट्रॅक्टरला आता काही होत नाही, त्यामुळे बोलायला विषय थोडे पडतात. मग ते म्हणतात, "जरा लावून दाखवा," आणि मी किल्ली फिरवतो.

हे वाचणाऱ्यांत तो दुकानदार असेल, किंवा ती पट्टी गुंडाळणारा त्याचा मेकॅनिक असेल, तर त्याने दाभोशाला यावं. घाबरू नये. माझे साडू रागावणार नाहीत, त्यांना ते येत नाही. ते त्याला बाजेवर बसवतील, वायरीचे दोन तुकडे त्याच्यापुढे धरतील आणि पट्टी इतकी सुबक कशी गुंडाळायची ते शिकवा म्हणतील. त्याने खुशाल शिकवावं. पण शिकवून झालं की त्या पसरलेल्या पायाकडे बघावं आणि या पायाचं काय, याचं उत्तर द्यावं. साडू विचारणार नाहीत. मी विचारतोय.