चालू गाडीवर जप्ती

"उतरा, उतरा सगळे! गाडी जप्त झाली!" चांद्याच्या बसस्टँडवर कोर्टाचा बेलिफ ओरडत होता. आतली माणसं मात्र जागा सोडायला तयार नव्हती. तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणायचो. गाडीचे मालक दौलतभाऊ धापा टाकत माझ्या ऑफिसात आले.

"वकीलसाहेब, माह्या गाडीचा विमा हाय ना? मंग गाडी काऊन नेऊन राह्यले?"

प्रश्न बिनतोड होता. मूल या तालुक्याच्या ठिकाणापलीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, या गाडीनं बारकूला धडक दिली होती. बारकू तलावात मासे धरणारा. त्याचा पाय कायमचा अधू झाला. कोर्टानं भरपाईची डिक्री दिली, आणि योग्यच दिली. ती रक्कम विमा कंपनीनं भरायची. पण कंपनीच गाळात रुतली! सरकारनं तिच्यावर प्रशासक नेमला आणि हिशेब तपासून होईपर्यंत सगळी देणी थांबली. डिक्री दौलतभाऊंच्याही विरुद्ध होती. म्हणून बारकूच्या वकिलांनी दरखास्त लावली, म्हणजे वसुली करून द्या असा अर्ज केला, आणि थेट गाडीच धरली. दौलतभाऊंची ही एकुलती एक गाडी. ती लिलावात गेली की संसार बसला.

मी स्टे मागितला. स्टे म्हणजे डिक्री कायम, फक्त वसुली तूर्त थांबवायची.

बारकूचे वकील उसळले. "आज स्टे द्या, उद्या ही गाडी जंगलात गडप होईल!"

"तारण काय देता?" जजसाहेबांनी मला विचारलं.

तारण कुठलं डोंबलाचं! मी खाली मान घातली, तर कोटाच्या बाहीवर माशांच्या पाण्याचा डाग दिसला. मूलच्या कोर्टातून मी याच गाडीनं यायचो. टपावरच्या टोपल्या खिडकीतून माझ्यावर ठिबकायच्या. त्या कुठल्या गावच्या, हे एकदा चिडून ड्रायव्हरला विचारलंही होतं. अरेच्चा! ते तर बारकूचंच गाव!

मी बारकूला प्रश्न विचारायची परवानगी घेतली. तो काठी टेकत पुढे आला. मागोमाग त्याची बायको सगुणाबाई.

"बारकूभाऊ, तुमच्या गावच्या मासोऱ्या चांद्याच्या बाजारात कशा येतात?"

"याच गाडीनं, सायेब. दुसरी गाडी टोपले घेतच नाई. वास येते म्हनते."

"आणि ही गाडी लिलावात गेली तर?"

बारकू आपल्या वकिलांकडे वळला. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. सगुणाबाईनं मात्र भर कोर्टात आपल्याच वकिलांवर तोंड सोडलं. "वकीलसाहेब, तुमी पैसे आनून देतो म्हनलं होतं! गाडी नेली तं मासोऱ्या सडतीन ना! याचा पाय गेला, आता आमची चूलबी इझवता का?"

जजसाहेबांना हसू आवरेना. वकीलसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दौलतभाऊही उभे राहिले. "बारकूच्या टोपल्याचं भाडं आजपासून घेनार नाई, साहेब."

बारकूची संमती नोंदली गेली. प्रशासकाचा निर्णय येईपर्यंत स्टे. गाडी विकायची नाही आणि त्याच रस्त्यावर चालवायची. त्याच बेलिफाला गाडी सोडून द्यावी लागली. मी तर त्या दिवशी हवेतच होतो!

पुढे प्रशासकाचं काम संपलं, कंपनी सावरली आणि बारकूला भरपाई पुरेपूर मिळाली. दौलतभाऊंची गाडीही शाबूत राहिली.

तेव्हापासून जप्तीचा अर्ज लिहिण्याआधी मी पक्षकाराला एकच विचारतो, "ही वस्तू उद्या गेली तर तुमचं काय अडेल?" कितीतरी जण अर्ज न करताच घरी जातात. माझी फी बुडते, ते सोडा.