टेस्टिंगचं गाणं

आमच्या पनवेल तालुक्यात एक इंग्रजी गाणं पंचवीस वर्षं वाजलं आणि ते गाणं आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकरचे बॉक्स लागले की सगळ्यात आधी ते वाजायचं. कोणीतरी गोरा माणूस घसा फाडून ओरडतोय आणि मागे दुसरा पत्र्याचं पिंप बडवतोय, असा एकंदर प्रकार. पोरं त्यावर उड्या मारायची, म्हाताऱ्या कानांवर हात ठेवायच्या, अडीच मिनिटांत ते संपायचं आणि मग नाचायची गाणी सुरू व्हायची. लोक त्याला टेस्टिंगचं गाणं म्हणत.

ते लावणारा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा. मी दाजी म्हणणारच, पण त्यांना सगळा तालुका दाजी म्हणतो. टेम्पोवरही 'दाजी साऊंड' असंच लिहिलेलं होतं.

न्हावा शेवा बंदर नवीन होतं तेव्हा दाजी तिथे जहाजांवर कंटेनर आवळून बांधायच्या कामाला होते. डब्यातली भाकरी आणि जवळ्याची चटणी एका गोऱ्या खलाशाला चाखवली, तर त्याने खूश होऊन एक कॅसेट हातावर ठेवली. बँडचं नाव 'बेंट स्पॅनर्स', म्हणजे वाकडे पाने, नटबोल्ट पिळायचे. असल्या गाण्याला पंक म्हणतात हे मला फार पुढे कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही. मी लाईन आळीत झेरॉक्सचं दुकान चालवतो, दिवसभर मशीनचा आवाज ऐकतो, वर पुन्हा पैसे देऊन कोण ऐकेल? पण दाजी त्या कॅसेटवर जीव टाकून होते. मी चेष्टा केली की म्हणायचे, "याचा गला फाटलेला हाय, पन याला लाज नाय. जो हाय तो तसाच लावतो. मना तो आवडतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्यांना यावरूनच सगळ्यात जास्त दोष देत आलो.

कारण दाजींच्या घरातच गळा होता. त्यांची आई कमळाबाई धवलारीन होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारीन येऊन धवले म्हणत नाही तोवर हळद लागत नाही. मांडवाचा खांब, कुंभाराचं मडकं, नवरीची वेणी, प्रत्येकाचा वेगळा धवला. कमळामावशीला ते शेकड्याने पाठ होते, एकही लिहिलेला नाही. ती माईक न घेता गायची आणि शेतापलीकडे ऐकू जायचं. गाव विमानतळात गेलं, लोक करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी लग्नाची तारीख मावशीला विचारूनच ठरायची.

सत्तरीनंतर तिचा आवाज फाटला. वरच्या सुराला गेली की मधेच तुटायचा, खरखरायचा, मग खोकला. एका हळदीला नवरदेवाचा मामा मोठ्याने म्हणाला, "आजीला पानी द्या रं कोनी." चार जण हसले. दाजी मिक्सरपाशी उभे होते, त्यांना ते फार लागलं. त्यांच्याकडे तिचे वीस वर्षांपूर्वीचे धवले कॅसेटवर होते. मुलाकडून, केतनकडून, ते साफ करून पेनड्राइव्हवर घेतले. पुढच्या लग्नापासून मावशी बंद माईक हातात धरून बसायची, ओठ हलवायची, आणि बॉक्समधून तिचाच तरणा आवाज यायचा. लोक म्हणायचे, म्हातारीचा गळा परत आला! लुगडं-नारळाचा मान वाढला. मावशी काही बोलली नाही. मुलगा सांगेल तसं करणाऱ्यातली ती बाई.

तीन वर्षं हे चाललं. मग माझ्या मुलीचं, दिपिकाचं लग्न आलं. आमचं मूळ घर आपट्याला, नदीकाठी. हळदीला भर धवल्यात लाईट गेली. मावशी थांबली, कोणीतरी दिलेला पाण्याचा ग्लास तिने तोंडाला लावला. तेवढ्यात जनरेटर सुरू झाला आणि पेनड्राइव्ह पहिल्यापासून वाजू लागला. एका हातात माईक, दुसऱ्या हाताने ग्लास तोंडाला लावलेला, आणि मांडवभर धवला! आधी कोणाला समजलं नाही. मग सगळा मांडव हसला. मीही हसलो. माझ्या मुलीची हळद होती, मी दोन पेग घेतले होते, पोट धरून हसलो.

मावशीने ग्लास खाली ठेवला, माईक हळदीच्या ताटाशेजारी ठेवला आणि जाऊन टेम्पोत बसली. दाजी मागे धावले. ती त्यांना एवढंच म्हणाली, "माजा गला फाटलाय, मना ठावं हाय. पन तो माजा व्हता. तू मना एकदा इचारला नायस." त्यानंतर ती गायली नाही. पोरींना धवले शिकव म्हटलं तर तोंड फिरवायची. दोन वर्षांनी गेली, तेव्हा शेकडो धवले तिच्याबरोबर गेले.

दाजींचे कान त्याच सुमारास गेले. पंचवीस वर्षं बॉक्सच्या अंगाला उभे राहिल्यावर दुसरं काय होणार? उजवा ठार, डाव्यात मशीन. तरी वर्षभर त्यांनी धंदा रेटला. आवाज बरोबर आहे की नाही हे बॉक्सवर तळहात ठेवून सांगायचे, आणि त्यांचं चुकायचं नाही. मग एका लग्नात त्या घरच्या जावयाशी आवाजावरून बाचाबाची झाली, टेम्पो विकला.

गेल्या जानेवारीत केतनने सांगितलं की ते वाकडे पाने भारतात येतायत, आणि कुठे, तर नेऱ्याला! डोंगराखालच्या एका फार्महाऊसवर शहरातली मंडळी दोन दिवसांची जत्रा भरवणार होती, गाणी आणि बिअर. केतनने दोन पास काढले. सुनंदा म्हणाली, "यांना ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही, एकटं सोडणार नाही." माझी रविवारची झोप गेली.

रिक्षात मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडलो, "दाजी, ऐकू येणार नाही, मग जायचं कशाला?"

 ते बाहेर बघत म्हणाले, "तो गानारा आता सत्तरीचा झायला. त्याचा गला आता आयच्यासारकाच झायला असंल. मना बगाचा हाय बाला, फाटका गला घेऊन तो लोकांसमोर उबा कसा रेतो. आन लोक काय करतात. हसतात का."

 मावशी गेल्यापासून आपट्याच्या त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते.

चार वाजले होते. ऊन होतं, गवतावर काळ्या टी-शर्टातली पोरं-पोरी, हाताला कागदी पट्ट्या. आम्ही दोघेच इस्त्रीच्या शर्टात. दरवाजावरच्या नेऱ्याच्या गार्डने दाजींना ओळखलं, त्याच्या लग्नात यांचेच बॉक्स होते. त्याने आम्हाला स्टेजच्या डाव्या बाजूला, बॉक्सपाशी नेऊन सोडलं. स्टेजवर चार म्हातारे आले. गाणारा गुडघ्याला पट्टा बांधून स्टुलावर बसला. आमच्या तलाठ्याच्या ऑफिसात पेन्शनच्या दाखल्यासाठी बसलेले असतात ना, तसाच.

सुरू झालं तेव्हा माझ्या दातांत कळ आली. दाजींनी मशीन काढून खिशात टाकलं, बॉक्सवर तळहात ठेवला आणि डोळे गाणाऱ्याच्या तोंडावर लावले. तिसरं गाणं टेस्टिंगचं. मीसुद्धा ओळखलं! पोरं उसळली. मी दाजींकडे बघितलं तर ते आधी कपाळाला आठ्या घालून उभे, मग एकदम हसायला लागले.

"बग, बग त्याचा माईक!" ते ओरडले. "हात खाली गेला, आवाज तेवडाच! ह्यो त्याचा गला नाय रं, ह्यो डबा वाजतोय!"

मी नीट ऐकलं. खरंच होतं. म्हाताऱ्याने पट्टा सरकवायला मान वळवली तरी शब्द तुटत नव्हता, आणि आवाज कॅसेटमधला, पंचविशीतला. इतक्या हजार कानांना कळलं नाही ते या बहिऱ्याच्या तळहाताला कळलं. मला वाटलं आता हे खट्टू होणार. पण ते माझा दंड धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"गोरं पन तसाच करतात! बाला, मी काय येगला नाय केला! आयला कोनी हसू नये म्हनून केला, यांनी पन तसाच केला!"

आणि दाजी नाचले. हळदीत नाचतात तसे, दोन्ही हात वर करून. इतक्या वर्षांनी त्यांच्या छातीवरचा दगड उतरलेला मी बघत होतो. मलाही हलकं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू. आपल्या हसण्याचाही हिशेब यात मिटला असं वाटलं.

पुढच्या गाण्याच्या मध्यावर दाजी थांबले. एक हात परत बॉक्सवर होता. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं, मग आम्हाला. जनरेटर बंद पडला होता. बॉक्स मेले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी शिवी घातली. तिघे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. गाणारा स्टुलावरून उठला. मला वाटलं, निघाला. तो गुडघा धरत स्टेजच्या पार कडेला आला, माईक खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

काय सांगू? आवाज नव्हताच म्हणा. खरखर, मधेच तुटणं, पुढचा शब्द श्वासातच विरलेला. तो खोकला, थुंकला आणि जिथे तुटलं होतं तिथून परत धरलं. शिट्ट्या थांबल्या. मग बोलणं थांबलं. पुढची पोरं मागच्यांना ऐकू यावं म्हणून खाली गवतावर बसली. एवढ्या लोकांत फक्त त्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

दाजी घाईघाईने खिशातलं मशीन कानात घालत होते, पण त्या मशीनला तेवढ्या लांबचं कुठलं ऐकू येणार?

"काय करतोय? गातोय?"

मी मान हलवली.

"कसा?"

खोटं बोलायचं होतं. नुसता उभाय, म्हणायचं होतं. पण त्या घडीला माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तोंडून निघून गेलं, "कमळामावशीसारखा."

दाजींनी गर्दीकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, एकेक तोंड बघत गेले. कोणी हसत नव्हतं. एका मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. दाजींचा हात बॉक्सवरून खाली आला.

"म्हंजे तिला पन आयकला असता," ते म्हणाले.

 जनरेटर सुरू व्हायच्या आत आम्ही निघालो.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून पेनड्राइव्ह काढला. त्यात सगळे धवले होते, सगळे तिच्या तरणेपणाचे. फाटल्या आवाजातला एकही नाही, कारण तो त्यांनी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता. सुनंदाने चहा आणला, तो तसाच राहिला. दाजी माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी आपला तळहात माझ्या गळ्यावर ठेवला, बॉक्सवर ठेवत तसा.

"तू आयकलायस तिचा फाटका गला. ती कशी लावाची तसा लाव. एकच ओल लाव."

मी तोंड उघडलं. मावशी मांडवात बसलेली आठवली, लुगड्याचा रंग आठवला, पाण्याचा ग्लास आठवला. ओळ आठवेना. खूप जोर लावला तेव्हा आपट्याच्या त्या दिवसाचं एकच ऐकू आलं, माझं हसणं.

"नाही आठवत, दाजी," मी म्हणालो. "मी हसत होतो."

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी हात काढला नाही, ते वाट बघत राहिले.