पूर्ण आराम

माझी थोरली बहीण बेकरीत पाव भाजते. पहाटेपासून भट्टीपुढे उभी असते, आणि एवढ्यावर समाधान नाही म्हणून संध्याकाळी धावायला जाते. सोबत आमच्या ओळखीचे टेलिफोन ऑपरेटर असतात. त्यांना दिसत नाही. दोघांच्या मनगटांना एकच आखूड दोरी बांधलेली असते आणि ताई त्यांना वळणं, खड्डे सांगत धावते. यंदा शहराच्या मोठ्या शर्यतीत त्यांना पहिल्यांदाच उतरायचं होतं. नेमका तेव्हाच ताईच्या गुडघ्याने दगा दिला.

जिना उतरताना वाटीच्या मागे कळ यायची. मी कानीकपाळी ओरडलो, तेव्हा कुठे स्वारी फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या बाईंनी सांगितलं की मांडीचे आणि कमरेचे स्नायू कच्चे आहेत, आणि त्यांचा भार गुडघा सोसतोय. धावणं काही दिवस बंद, आणि रोज पायाला रबरी पट्टा बांधून व्यायाम. ताईचा पारा चढला. झोपून पाय हलवायला मी काय तान्हं बाळ आहे, असं ती घरभर ऐकवत फिरली. धावणं मात्र तिने बंद ठेवलं. व्यायामाला हातही लावला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला.

"आराम आहे का?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण आराम आहे," ताई फणकाऱ्याने म्हणाली.

तिला सांगायचं होतं की घरात नुसती लोळतेय. बाईंना वाटलं, दुखणं गेलं. मग थोडं थोडं धावायला हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. आता थोडं थोडं म्हणजे काय, हे आमच्या ताईला जन्मात कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी ती दोरी बांधून निघाली आणि गुडघा टम्म फुगवून परत आली.

दवाखान्यात दोघींची जुंपली. बाई म्हणत होत्या, मी स्पष्ट विचारलं होतं. ताई म्हणत होती, मी स्पष्ट सांगितलं होतं. दोघींचंही खरं होतं, त्यामुळे मला कोणावर चिडावं तेच कळेना. शर्यत मात्र हातची गेली होती.

टेलिफोनवाल्यांची तरी चुकू नये म्हणून ताईने शाळेत खेळ शिकवणाऱ्या एका बाईंना गाठलं. दोरी किती सैल धरायची, खड्डा किती आधी सांगायचा, सगळं त्यांना शिकवलं. शिकवताना चेहरा असा, की कोणी तिचं घर लिहून घेतंय.

शर्यतीच्या दिवशी आम्ही शेवटच्या रेषेपाशी उभे होतो. टेलिफोनवाले घामाने निथळत, हसत आले. ताईचा आवाज ऐकून त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, आज पाय मोकळे सुटले हो. मला इतकं जोरात धावता येतं, हे मला माहीतच नव्हतं."

त्यांच्या मनात काही नव्हतं. ताईने त्यांना पाणी दिलं, पाठ थोपटली, तोंडभर कौतुक केलं. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला, आणि तो यायला काही कारण नव्हतं.

परतताना बसमध्ये ती गुडघा चोळत बसली होती.

"इतकी वर्षं मी त्यांना अडवून धरलं होतं का रे?"

मी म्हटलं, छे, तसं कुठे काय.

"तुला धड खोटंही बोलता येत नाही," ती म्हणाली.