ब्रेकच्या गणितात आपलीच जीप

कॉलेजात पोचल्या पोचल्या हे लिहिते.

सकाळी मी आणि निकिता नांदूरघाटहून केजला कॉलेजला निघालतो. जीपमध्ये पुढंच बसलतो. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे होमवर्कचं गणित तिला सुटत न्हवतं. मी म्हणलं, "समोरच्या काट्यावर दिसतोय तो आपल्याच जीपचा वेग घे, बाकी आकडे पुस्तकातले." उत्तर आलं चाळीस मीटर. आमी गारच पडलो.

निकिता ड्रायव्हरला म्हणली, "मामा, पुढं वळण हाय, पलीकडचं दिसत न्हाई. एवढ्या वेगात गाडी चाळीस मीटरच्या आत थांबायची न्हाई."

मामा हसले, पण वेग कमी केला.

वळणापलीकडं रस्त्यात शेळ्या होत्या, मधोमध एक म्हातारी. जीप तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

त्या वळणावरून आमी रोज त्या गणितातल्याच वेगात जातो. तुमच्या गाडीचा काटा कधी बघितलाय का?