आरशातला कर्नल

बँकेच्या दारावर कमरेला पिस्तूल लावून उभ्या राहणाऱ्या या गृहस्थाला अख्खी इमारत ‘कर्नल’ म्हणायची. फौजेचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं. पण मिशा होत्या, आवाज होता, आणि एवढ्या भांडवलावर माणसं याहून मोठी पदं मिळवतात. दरवर्षी नेमबाजीची परीक्षा असायची. नापास झाला की पिस्तूल जमा आणि हातात काठी घेऊन गाड्या लावायच्या जागी उभं राहायचं. म्हणून कर्नल घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करायचा.

नियम तोंडपाठ. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मगच वरची सरकती स्लाइड मागे ओढायची. उलट केलं तर नवी गोळी आत जाऊन बसते. गोळी बसते ते चेंबर डोळ्यांनी बघायचं, करंगळीने चाचपायचं. गोळ्या दुसऱ्या खोलीत, नेम जाड दगडी भिंतीवर. हे तो दूधवाल्यालासुद्धा ऐकवायचा. गोळ्या बायकोच्या ताब्यात, स्वयंपाकघरातल्या डब्यात असत. सराव झाला की त्याने मोठ्याने ‘संपलं’ म्हणायचं, पिस्तूल पट्ट्याला लावायचं, मगच ती डबा काढणार. हा नियम बायकोचा, म्हणजे कर्नलच्या मते तो नियमच नव्हे.

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बाळ असतात तर खुळखुळा दिला असता,” ती म्हणायची.

परीक्षेच्या दोन दिवस आधी ती बाजारात गेलेली. सराव झकास झाला, हात जराही हलला नाही. कर्नल स्वतःवर बेहद्द खूश. डबा त्यानेच काढला, भरलेलं मॅगझिन चढवलं, स्लाइड ओढली. आता कामावर निघायचं. तेवढ्यात कपाटाच्या आरशात तो स्वतःला दिसला. काय तो रुबाब! शेवटचं एकदा, म्हणत त्याने आरशातल्या कर्नलवर नेम धरला आणि चाप ओढला.

आरसा फुटला, कपाटाला भोक पडलं, गोळी मागच्या पातळ भिंतीतूनही आरपार गेली. भिंतीपलीकडे मुलगी अभ्यासाला बसली होती.

“छकुले! छकुले, बोल ना गं!”

कर्नल धावत पलीकडच्या खोलीच्या दारात आला. ती खुर्चीतच होती. केसांत चुना, हातात पेन, नजर डोक्याच्या वीतभर वरच्या भोकावर.

“लागलं का गं?”

“नाही.” तिने पेन खाली ठेवलं. “मी इथे बसलेय, हे तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?”

कर्नल तिच्या केसांतला चुना झटकत राहिला. शेजाऱ्यांना मात्र कुकर फुटल्याचं सांगायला आवाज बरोबर फुटला. परीक्षेत, नशिबाचा खेळ बघा, पठ्ठ्या पहिला आला. साहेबांनी पाठ थोपटली. घरी येऊन त्याने प्रशस्तिपत्र मुलीपुढे धरलं.

“छान,” ती म्हणाली.

मग त्याने पिस्तूल उतरवायला कमरेकडे हात नेला, आणि ती वह्या उचलून जिन्यात जाऊन उभी राहिली.