तळाची ओळ

गुरुवारी आई गेली. मी शाळेत शिकवून आलो तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या.

आई साठीला आल्यावर लिहायला शिकली. गिरणीतलं काम सुटलं होतं आणि लालबागच्या आमच्या चाळीत, तळमजल्यावर, बायकांचा वर्ग भरायचा. गावच्या भावाला स्वतःच्या हाताने पत्र घालायचं, एवढीच तिची इच्छा. तोवर ती सांगायची आणि मी लिहायचो. आधी सगळी खुशाली, मग घरातल्या एकेकाला नमस्कार. दुःखाचं काही सांगायलाच हवं असलं तर ते अगदी तळाला, बारीक अक्षरात.

तिला दम लागू लागला. डॉक्टरांसमोर बसली की ती ‘बरां आसा’ एवढंच म्हणायची, म्हणून रोज काय होतं ते वहीत लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. तिला ते फार आवडलं. बाटलीवर चिकटवलेल्या कागदाच्या खाचा बघून ती औषध घ्यायची, चष्मा पुसायची आणि वही मांडीवर घ्यायची. काकू चिडवायच्या, “काय गो, डॉक्टराक कागद घातलंस? तिकीट लाव हां.” आई हसून हाताने पान झाकायची.

ते हरताळाचे दिवस होते. मुंबईसाठी रोज मोर्चे निघत, गोळीबाराच्या बातम्या येत, दवाखाना कधी अर्धाच तास उघडे. आईला जिना उतरवेना, म्हणून वही मी नेत असे. गर्दीत डॉक्टर वरच्या दोन ओळी वाचायचे आणि तेच औषध पुन्हा द्यायला सांगायचे. भजी बांधून आलेला कागदही वाचणारा मी. ती वही मात्र उघडली नाही. दुसऱ्याला लिहिलेलं वाचू नये, हे मला आईनेच शिकवलं होतं.

रस्ते शांत झाल्यावर शेजाऱ्यांनी आणि मी तिला खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. त्यांनी वहीची मागची पानं उलटली. प्रत्येक पानावर वर ‘सर्व खुशाल आहे’, मग डॉक्टरांच्या घरच्या मंडळींना नमस्कार, आणि तळाला, ‘पाय सुजले आहेत.’ अशी नऊ पानं.

“तुम्ही तरी वाचायचं होतं, मास्तर,” ते म्हणाले.

आई म्हणाली, “तेका बोलू नकात, डॉक्टरानु. कागदात पयलां वायट कोण लिवता?”

औषध बदललं. सूज थोडी उतरली. पाच दिवसांनी ती गेली. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

त्या नऊ दिवसांतल्या एखाद्या संध्याकाळी मी तिला नुसतं म्हणायला हवं होतं, वाचून दाखव. तिने दाखवलं असतं. नवीन शिकलेलं मोठ्याने वाचायला तिला आवडायचं, अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, मध्येच माझ्याकडे बघत. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा आहे.

आता खोलीत मी एकटा राहतो. दुपारी परत आलो की कुलूप मीच उघडतो.