भावोजींचं पाऊल

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एका मोठ्या कॉलेजात जमिनीखालच्या लायनी टाकणाऱ्यांचे मुकादम. पाणी, वीज, ड्रेनेज, सगळं त्यांच्याच देखरेखीखाली पुरलेलं. नकाशे ऑफिसात असत, पण खोदायच्या आधी इंजिनिअरसुद्धा विचारत, "मुकादम, किती पावलं?" मग भावोजी इमारतीच्या कोपऱ्याला पाठ लावून चालू लागत. थांबतील तिथे फक्कीची रेघ पडे. तीस वर्षांत एक रेघ चुकली नाही, हे आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलंय की भाचीला ते पाढ्यासारखं पाठ आहे.

यंदा लायब्ररीमागून पाण्याची नवी लाइन जायची होती. वाटेत आडवी प्रयोगशाळेची केबल. ती तुटली तर तिथल्या फ्रिजमधले कित्येक वर्षांचे नमुने मातीमोल. भावोजींनी बावीस पावलं मोजून रेघ मारली. रेघेपाशी हातानं खोदायचं, पुढे मशीन लावायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना ताई म्हणाली, "काल पावलांनीच मोजलंत?"

"मग काय तुझ्या वितीनं मोजू?"

"गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तुमचं पाऊल आखडलंय. दारापासून मोरीपर्यंत अकरा पावलं व्हायची. आता तेरा होतात."

"पाळत ठेवतेस होय माझ्यावर?"

"माझे हात कामात असतात. कान रिकामेच असतात."

डबा ओट्यावरच राहिला.

ते पोचले तेव्हा रेघेपाशी काहीच न सापडल्यामुळे मशीन पुढे सरकलं होतं. पोरापोरींच्या गर्दीतून वाट काढत भावोजी लंगडत त्याच्यासमोर उभे राहिले.

"बंद करा! रेघ चुकलीय."

"मुकादम, तुमची रेघ?" इंजिनिअर बाईंना खरं वाटेना.

"माझीच. पाऊल म्हातारं झालं आणि मला पत्ताच नाही."

रेघेपासून चार पावलं पुढे माणसांनी माती उकरली. केबलीवर रचलेल्या विटा लागल्या. मशीनचं बकेट हातभरच लांब थांबलं होतं.

"उद्यापासून टेप आणू का?" बाईंनी हळूच विचारलं.

"आणा. एक टोक मी धरेन."

संध्याकाळी घरी आल्यावर भावोजी दारापासून मोरीपर्यंत मुद्दाम ढांगा टाकत गेले.

"किती?"

"अकरा," ताई पाठमोरीच म्हणाली. "येताना मात्र तेरा टाका. गुडघा मलाच शेकावा लागतो."